सावित्रीचें पाणी आणि सूर्यचंद्रांची ओढ

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, सूर्यमालेचा विषय निघाला कीं आपली दृष्टि सहजच आकाशाकडे वळते. आज मात्र मी तो विषय आपणांस नदीच्या पाण्यावर दाखविणार आहें. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागांतील तालुके. महाडच्या बाजारपेठेंतून समुद्र दिसत नाहीं. तरीपण बाणकोटच्या खाडींतून, दासगांवावरून, भरतीचें पाणी रोज दोन वेळां महाडकडे चढतें आणि दोन वेळां उतरतें. याच चढउतारावर विसंबून एके काळीं गलबतें महाडच्या बंदरास लागत. हें पाणी कोण चढवितो व कोण उतरवितो, या प्रश्नाचें उत्तर देतां देतां साऱ्या सूर्यमालेचा कारभार उलगडतो.

वस्तु खालीं पडते ती पृथ्वीच्या आकर्षणानें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथांत पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति असल्याचें सांगितलें आहे. परंतु जी शक्ति आंबा खालीं पाडते तीच चंद्रास आकाशांत फिरत ठेवते, आणि ती मोजतांहि येते, हें सिद्ध करण्याचा मान न्यूटनचा. महाडजवळच्या रायगडावर १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर तेराच वर्षांनीं, १६८७ सालीं, न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. त्यांतील नियम थोडक्यांत असा: प्रत्येक वस्तु दुसऱ्या प्रत्येक वस्तूस ओढते; ही ओढ वस्तुमानाच्या प्रमाणांत वाढते, आणि अंतर दुप्पट झालें कीं चौथाई, तिप्पट झालें कीं नवमांश होते.

या नियमाची परीक्षा कोणासहि करतां येईल. पोलादपुरास झाडावरून सुटलेला आंबा पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर खालीं येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे. तेव्हां तेथें ओढ साठाच्या वर्गानें, म्हणजे ३,६०० पटींनीं, कमी झाली पाहिजे. ४.९ मीटरांस ३,६०० नीं भागलें असतां १.३६ मिलिमीटर हें उत्तर येतें; आणि चंद्र आपल्या सरळ मार्गापासून दर सेकंदास तेवढाच पृथ्वीकडे वळतो. मग तो खालीं कां येत नाहीं? कारण त्याच सेकंदांत तो सुमारें एक किलोमीटर आडवा पुढें जातो. गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. दोरीची ओढ आणि दगडाची धांव यांचा मेळ जमला म्हणजे दगड हाताभोंवतीं फिरत राहतो.

पृथ्वीचीहि सूर्याभोंवतीं हीच स्थिति आहे. ती दर सेकंदास सुमारें ३० किलोमीटर धांवते आणि तेवढ्या वेळांत सूर्याकडे केवळ तीन मिलिमीटर वळते. सूर्याचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें ३,३३,००० पट आहे. आठहि ग्रह, त्यांचे उपग्रह, धूमकेतु हीं सर्व एकत्र केलीं तरी तीं साऱ्या सूर्यमालेच्या वस्तुमानाच्या एक शतांशाहूनहि कमी भरतात. बाकीचा सर्व भार एकट्या सूर्याचा. म्हणून त्याच्या ओढीपुढें कोणाचें चालत नाहीं.

आतां येथें एक शंका उत्पन्न होते. हिशेब केला असतां पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळजवळ १८० पट भरते. असें असतां भरती चंद्राच्या चालीनें कां चालते? याचें मर्म असें कीं, भरती सबंध ओढीनें येत नाहीं. पृथ्वीच्या अलीकडील व पलीकडील बाजूंवरील ओढींत जो फरक पडतो, त्यानें येते. पृथ्वीचा व्यास चंद्राच्या अंतराचा तिसावा भाग आहे. म्हणून चंद्राजवळील बाजूचें पाणी अधिक ओढलें जातें, आणि पलीकडील बाजूचें पाणी पृथ्वीच्या मानानें मागें राहतें. दोन्हीकडे फुगवटा येतो, आणि म्हणूनच दिवसांत भरत्या दोन. सूर्याच्या अंतरापुढें तोच व्यास जेमतेम साडेअकरा-हजारांश आहे. त्यामुळें ओढ मोठी असूनहि फरक लहान पडतो. चंद्राचें भरती उठविण्याचें बळ शंभर मानलें तर सूर्याचें सेहेचाळीस येतें.

पौर्णिमेस व अमावास्येस हे दोघे एका रेषेंत येतात, तेव्हां बेरीज १४६ होते. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांशीं काटकोन करतात, आणि शंभरांतून सेहेचाळीस वजा होऊन ५४ उरतात. पहिलें आपलें उधाण, दुसरी भांगाची भरती. मोठें उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीं येतें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकी मागें पडते. तिथीची पाऊणपट करावी, तितके वाजतां भरती पूर्ण, हा कोंकणच्या खलाशांचा ढोबळ हिशेब याच गणितावर उभा आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. खाडींत आंत मात्र ती वेळ थोडी मागाहून येते.

हें ज्ञान महाडकरांस केवळ कौतुकाचें नाहीं. सूर्य समुद्राच्या पाण्याची वाफ करून तें उचलतो आणि तें पावसाच्या रूपानें सह्याद्रीच्या माथ्यावर पडतें. महाबळेश्वरच्या तेराशें मीटरांहून अधिक उंचीवरून पृथ्वीची ओढ तें सावित्रीच्या वाटेनें पोलादपूर व महाड यांकडे खालीं आणते. पाणी वाहतें तें उतारावर. मुखाशीं भरती उभी असली कीं तो उतार कमी होतो, आणि पुराचें पाणी मागें तुंबून पेठेंत शिरतें.

२०२१ सालच्या जुलैच्या २२ तारखेस महाड पाण्याखालीं होतें. ती आषाढ शुद्ध त्रयोदशी. समुद्र उधाणाकडे झुकला होता, आणि त्याच सुमारास महाबळेश्वरास एका दिवसांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. २०१६ सालीं २ ऑगस्टच्या रात्रीं महाड व पोलादपूर यांमधील सावित्रीवरील १९२८ सालचा दगडी पूल पुरांत कोसळून एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ती अमावास्या होती. पूल पाडला तो पुरानें. परंतु त्यानंतरचा शोध उधाणाच्या ऐन दिवसांत करावा लागला, हें विसरतां येत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. २२ जुलै २०२१ लाच तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंहि दरडी आल्या. त्यांस चंद्र कारण नव्हता. पाण्यानें माती जड झाली, तिची खडकावरील पकड सुटली, आणि पृथ्वीच्या ओढीनें ती उतारावरून खालीं आली. २००५ सालीं २५ जुलैच्या सुमारास दासगांव, जुई, कोंडिवते, रोहण येथें दरडी कोसळल्या, तेव्हां पौर्णिमा होऊन चार दिवस लोटले होते. तसेंच, चंद्र समुद्र हालवितो म्हणून ग्रहांची युति संकट आणते, असेंहि कोणी समजूं नये. शुक्र अगदीं निकट आला तरी भरती उठविण्याचें त्याचें बळ चंद्राच्या सुमारें वीस-हजारांश असतें; गुरु ग्रहांत सर्वांत जड, पण त्याचा वांटा लक्षांशाहूनहि कमी. पंचांगांतील ग्रहांस भिण्याचें कारण नाहीं. त्यांतील तिथि मात्र पाहावी.

तेव्हां श्रोतेहो, आषाढ-श्रावणांत घाटमाथ्यावर संततधार लागली असेल आणि तिथि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची असेल, तर रात्रीं पाणी ओसरेल या आशेवर बसूं नये. भरतीची वेळ काढावी, आणि ती येण्यापूर्वीं म्हातारीं माणसें, मुलें व गुरें उंचावर न्यावीं. डोंगराखालच्या वाडीनें तर तिथीचीहि वाट पाहूं नये. जमिनीस भेग दिसली, विहिरीचें वा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, कीं निघावें. चंद्रसूर्यांचें वेळापत्रक पुढील कित्येक वर्षांचें आज मांडतां येतें. पावसाचें तितकें येत नाहीं. जें आधीं कळतें त्याचा उपयोग आधींच करून ठेवणें, एवढें आपल्या हातीं आहे.