गोठविलेला ताण

ओझ्याखालीं दगडाच्या अंगांत काय चालतें तें डोळ्यांना दिसत नाहीं. खांब उभा दिसतो, कमान शोभून दिसते; परंतु कोठें ओढ आहे, कोठें दाब आहे, हें तडा गेल्यावांचून कळत नाहीं; आणि मग कळून उपयोग काय? फ्रान्समधील बोव्हे येथील ख्रिस्तमंदिराचें सुमारें ४८ मीटर उंचीचें कमानदार छत १२८४ सालीं कोसळलें.

हा अदृश्य ताण डोळ्यांस दाखविण्याची वाट १८१६ च्या सुमारास स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांना सांपडली. दाबलेली कांच ध्रुवित प्रकाशांत पाहिली म्हणजे तिच्यांत रंगीत पट्टे उमटतात. दाब काढतांच ते मावळतात. पट्टे मोजले कीं ताणाचें मापही हातीं येतें. पण ही युक्ति सपाट नमुन्यापुरती. जाड वस्तूंतून प्रकाश जातांना वाटेंतील सर्व थरांचे परिणाम एकांत एक मिसळतात. आणि कापून पाहावें, तर भार सुटतो व चित्र पुसलें जातें.

या अडचणीवरील तोड जर्मनींतील ओपेल यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केली. बॅकेलाइट किंवा पुढें आलेली इपॉक्सी, असल्या राळेंत रेणूंचीं बंधनें दोन प्रकारचीं असतात. एक पक्कें जाळें, तें उष्णतेनेंही ढळत नाहीं. दुसरीं दुर्बळ बंधनें, तीं तापतांच सैल होतात. प्रतिकृतीवर भार ठेवून ती भट्टींत तापविली कीं सारें ओझें पक्क्या जाळ्यावर येतें व तें ताणलें जातें. मग भार तसाच ठेवून ती अगदीं सावकाश थंड होऊं द्यावयाची. दुर्बळ बंधनें पुन्हां घट्ट होतात आणि ताणलेल्या जाळ्यास जागच्याजागीं जखडतात. खळ दिलेलें कापड वाळल्यावर घडी धरून ठेवतें, तसाच हा प्रकार. आतां भार काढला, पातळ काप काढले, तरी चित्र हलत नाहीं. थंड करण्यांत घाई झाली, तर मात्र उष्णतेचे नवेच ताण आंत शिरतात.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट मार्क यांनीं याच रीतीनें मध्ययुगीन मंदिरांची परीक्षा केली. आमियाँ येथील मंदिराचें काम १२२० सालीं सुरू झालें. त्याच्या बाहेरील दगडी धिऱ्यांवरचीं टोकदार शिखरें शोभेचीं कीं कामाचीं, असा जुना वाद होता. मार्क यांनीं मंदिराच्या छेदाची प्रतिकृति करून, दगडाचें वजन व वाऱ्याचा रेटा यांच्या प्रमाणांत भार लावला आणि ताण गोठविला. जोराच्या वाऱ्यांत धिऱ्याच्या कडेस ओढ उत्पन्न होते व शिखराचें वजन तिला आवर घालतें, असें आढळलें. दगडी बांधकाम दाब सोसतें, ओढ सोसत नाहीं. तेव्हां शिखर कामाचेंच ठरलें.

आज हें गणित बहुधा संगणक करतो. त्या काळच्या गवंड्यांजवळ दोन्हीं साधनें नव्हतीं. परंतु बांधकाम वर्षानुवर्षें चाले. सांध्यांतील ताज्या चुन्यास गेलेली चीर पाहून ते पुढील काम सुधारीत असावेत, असें मार्क यांचें मत आहे. भिंतीची चीर हेंच त्यांचें पुस्तक होतें, आणि तें त्यांनीं लक्षपूर्वक वाचलें होतें.