फाटकापाशी बसलेली नायिका : शांता आपटे

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवरच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंफार आवरून लिहून दिलं आहे.)



'माझा आवडता कलाकार' या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं कमिटीने सांगितलं, तोवर दिलीपकुमार, लताबाई आणि पु. ल. आधीच वाटले गेले होते. मी म्हटलं, माझी शांता आपटे. लिफ्टमध्ये एका वहिनींनी लगेच विचारलं, "म्हणजे त्या 'माणूस'मधल्या ना?" तर तिथूनच सुरुवात करतो. 'माणूस'मधल्या त्या शांता हुबळीकर. 'कुंकू'मधल्या शांता आपटे. दोघीही 'प्रभात'च्या, दोघीही गाणाऱ्या, त्यामुळे घोटाळा होतो.

शांताबाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. गळा लहानपणापासून तयार. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या पहिल्यांदा पडद्यावर आल्या. पुढे 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ साली 'अमृतमंथन' निघाला, त्यात शांताबाई होत्या. आपला रौप्यमहोत्सव पंचवीस वर्षांचा, सिनेमाचा पंचवीस आठवड्यांचा. तो साजरा करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या हिंदी बोलपटांत 'अमृतमंथन'चं नाव घेतात. त्या काळी नटीने गाणं म्हणायचं म्हणजे एका जागी उभं राहून, फोटो काढायला बसल्यासारखं. शांताबाई डोळ्यांनी, हातांनी, मानेने गायच्या. आवाज त्यांचा स्वतःचा. 'अमरज्योती', 'राजपूत रमणी', 'गोपालकृष्ण'मधली राधा, या सगळ्यांत तो ऐकायला मिळतो. पण मला बोलायचं आहे ते 'कुंकू'वर.

१९३७ साल. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. नीरा नावाच्या मुलीला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. वकील झाले आहेत केशवराव दाते. आता अशा गोष्टीत मुलीने काय करायचं, हे त्या काळी ठरलेलं होतं. रडायचं, नशिबाला दोष द्यायचा आणि भाकऱ्या थापायला लागायचं. नीरा म्हणते, हे लग्न मी मानत नाही. ती वेगळ्या खोलीत राहते. सावत्र मुलगा भलतंसलतं वागायला येतो, त्याला छडीने झोडपते. सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही, फक्त घरातले आवाज. घड्याळाचे ठोके तर आपल्याच दिवाणखान्यात पडतायत असं वाटतं. आणि ही नऊवारीतली पोरगी मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते! शेवट सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, चाळीत, मजल्यावरच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे पंचवीस-तीस माणसांत बसून. त्या वेळी माझी मोठी आत्या आमच्याकडे आली होती. आत्या सोळाव्या वर्षी सांगलीजवळच्या एका गावी बिजवराला दिलेली. यजमान चाळिशीपुढचे, पहिल्या घरची दोन मुलं, थोरला तिच्याहून दोनच वर्षांनी धाकटा. आत्याने संसार नीट केला, मुलं वाढवली, यजमानांचं आजारपण काढलं. कधी तक्रारीचा शब्द नाही. आम्ही तिला 'समाधानी बाई' म्हणायचो.

नीरा खोलीचं दार लावून घेते, तिथे चाळीतल्या बायका एकदम बोलायला लागल्या. बरं केलं, असंच पाहिजे. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. माझी आई शेजारी. आत्या तिला हळूच म्हणाली, "वहिनी, हिला निदान दार तरी होतं गं."

मी मागेच बसलो होतो, म्हणून ऐकलं. तेव्हा पंचविशीचा होतो, कळलं नाही असं नाही, पण काय करायचं ते कळलं नाही. त्यानंतर आत्याला 'समाधानी' म्हणणं मात्र मी सोडून दिलं.

आता दुसरी गोष्ट, पडद्याबाहेरची. 'प्रभात'चा कारभार आजच्यासारखा नव्हता. कलाकार महिन्याच्या पगारावर, कराराने बांधलेले. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजतं. खरं सांगायचं तर ती पद्धत वाईट नव्हती. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी स्वतः घाम गाळणारी, आणि पहिलीला पगार म्हणजे त्या धंद्यात केवढी मोठी गोष्ट! पण कराराला दोन बाजू असतात आणि सही करताना एकाच बाजूच्या हातात पेन चांगलं चालतं, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे. शांताबाईंचा कंपनीशी वाद झाला तो करार आणि पगारावरून. जुलै १९३९ मध्ये त्या सरळ स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. रात्रही तिथेच काढली. हा स्टुडिओ कुठला, तर पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तो. देशभर ओळखीचा चेहरा, जिचं पोस्टर बघायला गर्दी व्हायची ती बाई फाटकाबाहेर! वर्तमानपत्रांना चांगलाच विषय मिळाला. ज्या कंपनीने पडद्यावर तिच्याकडून 'नाही' म्हणवून घेतलं आणि नाव कमावलं, त्याच कंपनीच्या दारात ती 'नाही' म्हणायला बसली होती. शेवटी 'प्रभात' सुटलीच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी एका शाखेत मॅनेजर असताना एका टायपिस्ट बाईंचा रजेचा पगार कापला गेला. नियम दोन्ही बाजूंनी वाचता येत होता. मी वरच्यांना सोयीचा वाचला आणि सही केली. बाई तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत शाखेच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. मी त्यांना केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "बाई, चांगल्या घरातल्या बाईने असं दारात बसू नये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत जाऊन बसल्या. पुढे युनियनने प्रकरण सोडवलं, पैसे मिळाले. मी 'सॉरी' म्हटलं नाही. शांताबाईंच्या उपोषणाबद्दल मी वाचलं ते रिटायर झाल्यावर, आणि वाचताना मला त्या फाटकाशी शांताबाई दिसेचनात, आमच्या शाखेतली ती लाकडी खुर्ची दिसत होती.

शांताबाई मात्र नुसत्या रागावून घरी बसल्या नाहीत. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. नावच बघा, घरोघरच्या मुली आईला विचारत असतील तोच प्रश्न. सिनेमातलं काम ही आधी एक नोकरी आहे, तिथे कोण राबतं आणि कुणाला काय मिळतं, याचा विचार एका नटीने त्या काळात मांडला होता. १९४१ साली त्यांनी तमिळ 'सावित्री' केला. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद कोण होतं माहीत आहे? एम. एस. सुब्बलक्ष्मी! मग लाहोरला पांचोलींचा 'जमीनदार'. १९४६ सालच्या मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त त्यांच्याबरोबर एक नवी मुलगी गायली, लता मंगेशकर. तोवर पार्श्वगायनाचे दिवस आले होते, गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी. स्वतः गाणाऱ्या नट्यांची कामं कमी होत गेली, शांताबाईंचीही. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या गेल्या. मी तेव्हा शाळेत होतो, घरी कुणी त्याबद्दल बोलल्याचं आठवत नाही.

आमच्या आत्यालाही जाऊन आता तीस वर्षं झाली.

असो, माझी पंधरा मिनिटं संपली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता इथेच गच्चीवर, पाऊस असला तर पार्किंगमध्ये, 'कुंकू' दाखवणार आहोत. पडदा बी विंगमधून येतोय. सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे, ज्येष्ठांनी पाठीला उशी आणावी. आणि ज्यांच्या घरी आजी आहेत त्यांनी आजींना घेऊन यावं, पुढची रांग त्यांच्यासाठी ठेवली आहे.