पितळेची चकाकी

कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. चांदमारीवर प्रत्येकाला मोजून गोळ्या मिळत आणि बार उडवून झाले की तितक्याच रिकाम्या पुंगळ्या परत कराव्या लागत. एकदा माझी एक पुंगळी गवतात हरवली. हवालदारसाहेबांनी अंधार पडेपर्यंत सगळ्या तुकडीला गवत चाचपायला लावलं. उडून गेलेल्या काडतुसाचं एवढं काय कौतुक, असं मला तेव्हा वाटलं होतं.

ते कळलं २०१९ साली, टेक्सासला भाच्याकडे गेलो तेव्हा. भाचा नेमबाजीचा शौकीन. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. तिकडे मात्र अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, पितळ तेवढं उरतं. एके रात्री जेवणं झाल्यावर त्यानं टेबलावर बादलीभर पुंगळ्या ओतल्या. म्हणाला, "मामू, बसा मदतीला."

आधी लोहचुंबक फिरवून लोखंडी पुंगळ्या बाजूला काढल्या. मग मापाप्रमाणे ढीग लावले, मग बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे. शिक्का कशाला बघायचा? तर लष्करी पुंगळीचं पितळ पुष्कळदा जाड असतं. आत जागा कमी, म्हणून तेवढीच दारू भरली तरी दाब जास्त होतो. मग आत डोकावायचं. तळाला मधोमध एक भोक असेल तर ठेवायची. दोन बारीक भोकं दिसली तर वेगळी काढायची, कारण जुनी टोपी काढणारी सुई तिथं मोडते.

शेवटी चिरा शोधायच्या. बार उडताना पुंगळी फुगते, नळीला घट्ट बसते आणि वायूला मागं येऊ देत नाही. रायफलीत हा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास जातो. पुन्हा पुन्हा फुगून आणि दाबून पितळ कडक होतं, तोंडाशी तडकतं.

भाच्यानं मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या. मी म्हटलं, "यातली एक फुटकी आहे." शोधली, तर खरंच होती! माझे अब्बा कल्हईवाले. भांडं हातात आलं की आधी बोटानं ठोकून बघत. बद्द वाजलं की समजायचं, चीर आहे. तो कान मला वारशानं मिळालाय. नवसागराचा तो उग्र, नाकात शिरणारा वास अजून आठवतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकत. कारण पुढं १९२१ साली उलगडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ताण असलेल्या पितळेला चिरत होता. नवसागराचा वासही त्याच अमोनियाचा.

कान बरोबर निघाल्यावर मला जरा चढलं. मी भराभर ढीग लावू लागलो. एक पुंगळी फार देखणी होती, बुडाच्या जरा वर तिला सोनेरी कडं होतं. ती मी चांगल्यांत ठेवली. भाच्यानं ती उचलली आणि टोक वाकवलेली तार आत घालून हळूच फिरवली. मग तार माझ्या हातात दिली. त्या कड्याच्या मागं, आतल्या बाजूला तार खाचेत अडकत होती. पितळ तिथं झिजून पातळ झालं होतं. वाजवून ते कळलं नसतं.

"मामू, हिचं बूड पुढच्या बाराला तुटलं असतं. वायू मागं आला असता, डोळ्यांवर. आणि उद्या रायफल माझी पोरगी चालवणार आहे."

सोळा वर्षांची त्याची मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. माझे हात थांबले. मी पाहून ठेवलेला ढीग आम्ही पुन्हा पहिल्यापासून तपासला. रात्रीचा एक वाजला. बाद झालेली प्रत्येक पुंगळी त्यानं पकडीनं चेपून टाकली, म्हणजे चुकून कुणी भरायला नको.

मला बंदुकीचं प्रेम नाही. पण त्या रात्री अब्बांची एक गोष्ट आठवली. चिरलेल्या भांड्याला कल्हई केली तर चीर काही दिवस झाकली जाते, गिऱ्हाईक पैसेही देतं. अब्बा ते भांडं तसंच परत करत. म्हणत, "बाई, आधी हे सांधून आणा. मी नुसतं चमकवून दिलं तर घात होईल." घरात पैशांची चणचण असे, आई कुरकुरे. तरीही अब्बा परत करत.

हवालदारसाहेब, उशिरा का होईना, तुमचंही कळलं.