जुन्या लाकडाची पाठ आणि पोट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



जुन्या लाकडी सामानाची पारख कशी करावी, यावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी काही जाणकार नव्हे. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून मी जे शिकले, तेवढेच सांगते.

आमच्याकडे चाकांचा सागवानी पेटारा होता. सासूबाई 1966 साली लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाई त्यात शालू आणि पितळी भांडी ठेवीत. "हा पेशव्यांच्या वेळचा," असे सगळे म्हणत. धाकट्या भावोजींच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा तो विकायचे ठरले. एक व्यापारी आला. त्याने वरून हात फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, हा जुना नव्हे. जुन्या दाराच्या फळ्या जोडून केलेला आहे. चार हजार देतो." जाऊबाई देऊन टाका म्हणाल्या. मी एक दिवस मागून घेतला आणि आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सुतारकाकांना बोलावले.

त्यांनी पेटारा चक्क आडवा केला. म्हणाले, "वहिनी, तोंड कोणीही रंगवतो. पाठ आणि पोट पाहावे." खरेच आहे! जे दिसत नाही, तिथे सुतार रंधा मारण्याचे कष्ट घेत नाही आणि लबाडी करणाराही तिथे सहसा पोचत नाही.

खालच्या फळ्यांवर करवतीचे ओरखडे सरळ, पण कमीजास्त अंतरावर होते. ही हातकरवतीची खूण. यंत्राच्या गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वाकडे उमटतात. फळीवरून तळवा फिरवला तर हाताला किंचित चढउतार लागला. हातरंध्याचे काम तसेच असते. कोपऱ्यांत फळ्यांची टोके बोटांत बोटे गुंतवावी तशी बसवली होती, आणि ती बोटे सारखी नव्हती. यंत्राची सगळी एका मापाची निघतात.

मग काकांनी दारांच्या फळ्यांचा प्रश्न काढला. दुसरीकडून आणलेल्या लाकडाला रिकामी खाच, बुजवलेले भोक, नाहीतर बिजागरीचा जुना ठसा राहतोच. आमच्या पेटाऱ्याच्या अंगाला तसले काही नव्हते, आणि आतला रंगही सगळीकडे एकसारखा काळवंडलेला होता. किडीचेही त्यांनी सांगितले. किडा आत नागमोडी पोखरतो. बाहेरून फक्त बारीक भोक दिसते. फळीच्या वरच्या अंगालाच लांब उघडी नाळ दिसली, तर किडलेले लाकूड मागाहून कापले आहे असे समजावे.

मात्र झाकणाने आमचा गर्व उतरवला. त्याच्या आतल्या बाजूस कमानी ओरखडे होते आणि खिळे गोल तारेचे! असे यंत्राचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्रास झाले. त्याआधी लोहार चौकोनी खिळे ठोकून करीत. एखादा नवा खिळा दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून शेजारी जुने भोक आहे का ते बघावे लागते. इथे तसे भोक नव्हते. झाकण मागाहून बसवलेले ठरले. अंग हातकामाचे आणि जुने होते, पण पेशवाईचे म्हणायला काहीच पुरावा नव्हता. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खरे तेच सांगा."

आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला झाकणासकट सगळे खरे सांगितले. पहिल्या बोलीच्या चौपट किंमत आली. ऑपरेशन झाले, भावोजी आता कामावर जातात. पेटाऱ्याच्या जागी शिवणाचे यंत्र आहे. पेटारा गेल्याचे वाईट वाटते, पण फसून गेला असता तर जन्मभर सलले असते.

घरच्या घरी पाहण्याजोगी एक गंमत सांगते. लाकूड आडवे आकसते, लांबीत फारसे आकसत नाही. म्हणून एकाच फळीचा जुना गोल पोळपाट दोऱ्याने उभा-आडवा मोजा. आडवा किंचित कमी भरला तर नवल नाही. आणि चार फुल्यांच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर तो 1930 नंतरचाच, कारण तो निघालाच त्या दशकात.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी दारे आणि घरगुती वस्तू निवांत पाहा. चांगले काम पाहून डोळा तयार होतो.

शेवटी एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पाटाला, चौरंगाला काचपेपर घासू नका आणि ऑइलपेंटही लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा. त्या ओरखड्यांतच त्याचे वय लिहिलेले आहे. ते आपल्याच हाताने पुसून टाकू नये.