सातशे सत्त्याहत्तरचा मोह

 

आमच्या वाचनालयात लिनक्सवर चालणारा एक जुना डेस्कटॉप आहे. पुस्तकांच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवायचं ठरलं. नवी डिस्क जोडली, पडद्यावर क्लिक करून उघडली आणि इनिट-डीबी ही डेटाबेसचा पाया घालणारी आज्ञा दिली. उत्तर आलं, परमिशन डिनाइड. मी डिस्कला ७७७ देऊन टाकलं. म्हणजे मालक, गट आणि उरलेलं जग, तिघांनाही वाचायला ४, लिहायला २, आत शिरायला १. तरी तेच रडगाणं!

क्लिक करून उघडलेली डिस्क बहुधा 'मीडिया'मध्ये, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरखाली लागते. त्या फोल्डरात तो आणि रूट हे सर्वाधिकारी खातं सोडून कुणाला पाऊल टाकता येत नाही. पोस्टग्रेस चालतं स्वतःच्या वेगळ्या खात्यावरून. म्हणजे खोली सताड उघडी, पण वाड्याच्या दिंडीदरवाजालाच अडसर. नेमआय या आज्ञेला 'एल' जोडला की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ओळीने दिसते. मला दिसलं ते असं: वापरकर्त्याच्या फोल्डरपुढे, 'बाकीचे' या जागी, नुसत्या तीन आडव्या रेघा. रूट होऊन इनिट-डीबी चालवावं, तर ते साफ नाही म्हणतं, आणि योग्यच करतं. उद्या कुणी डेटाबेस फोडला तर त्याच्या हाती सगळा कॉम्प्युटर कशाला द्या?

एफएसटॅब या, कुठली डिस्क कुठे लावायची ते सांगणाऱ्या फाइलीत नोंद करून डिस्क दुसरीकडे लावली. आता तक्रार, फोल्डर रिकामं नाही! अहो, नुकती फॉरमॅट केलेली डिस्क. आत 'लॉस्ट-फाउंड' नावाचं फोल्डर होतं. दुरुस्तीत सापडलेले फायलींचे तुकडे ठेवायला फॉरमॅट करतानाच ते तयार होतं. उपाय त्याच संदेशाच्या खालच्या ओळीत होता: डिस्कच्या आत वेगळं फोल्डर करा. 'एरर' शब्द दिसला की आपण खालच्या ओळी वाचतच नाही. मीही वाचल्या नव्हत्या. फोल्डर केलं, चाउन आज्ञेने पोस्टग्रेस खात्याच्या मालकीचं केलं, काम झालं.

आठवड्याने एका उत्साही सभासदाला बॅकअपसाठी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं होतं. कॉपी होईना, म्हणून त्यानेही आतल्या-बाहेरच्या सगळ्याला ७७७ दिलं. दुसऱ्या दिवशी डेटाबेस सुरूच होईना. दार बंद म्हणून नव्हे, फार उघडं म्हणून! पोस्टग्रेसला फोल्डरवर ०७०० लागतं. अकराव्या आवृत्तीपासून ०७५० सुद्धा चालतं. याहून सैल असलं तर ते उठतच नाही. फोल्डरांना ०७००, फायलींना ०६०० केलं आणि नोंदी जशाच्या तशा परत आल्या.

चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं उचलून घेतलेली प्रत तशीही भरवशाची नसते. आता तो सभासद दर शनिवारी पीजी-डम्प ही डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा चालवतो आणि त्यातून निघालेली एकच फाइल खिशात घालून घरी जातो.