नावात दडलेला अंक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात तंजावूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या नातवंडांना अंतराळयानांच्या कथांचे वेड आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘एंटरप्राइज’ यानावर ‘एनसीसी-१७०१’ असा नोंदणी-क्रमांक रंगविलेला असे. तो योजणाऱ्या मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाने विमानांच्या नोंदणी-अक्षरांचा आधार घेतला आणि ३, ६, ८, ९ हे दुरून एकमेकांसारखे भासणारे अंक टाळले. पुढे दुसरे यान हवे झाले, तेव्हा खेळण्याच्या संचातील तेच आकडे फिरवून ‘१०१७’ करण्यात आले. रसिकांनी मात्र अशा क्रमांकांवरून जुन्या-नव्या यानांच्या वंशावळी मांडल्या, वाद घातले, लेख लिहिले. योजकाच्या मनी नव्हते तेही त्यांना दिसले.

आपल्या तंजावुरात याच्या नेमके उलट घडले. येथे अंक आधी ठरला, तोही पूर्ण अर्थासह. आणि नाव त्याच्या मापाने बेतले गेले.

नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांचे पुत्र व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात स्वरांच्या गणिताने ७२ मेळ सिद्ध केले. आपल्या भोसले घराण्यातील तुळजाजी महाराजांनी (राज्यकाल १७२८ ते १७३६) ‘संगीत सारामृत’ रचले, तेही याच विचारपरंपरेत. व्यंकटमखींच्या नंतरच्या काळात मेळांच्या नावांतच त्यांचे क्रमांक गोवण्याची युक्ती रूढ झाली. ती ‘कटपयादि’ पद्धती. क, ट, प, य या चारही अक्षरांचे मूल्य एक. तेथून वर्णमालेच्या क्रमाने पुढे मोजावे. ञ आणि न म्हणजे शून्य. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचे अंक काढून ते उलटे वाचावेत, की क्रमांक हाती येतो.

शंकराभरण हा प्राचीन राग. त्याचा क्रमांक २९, म्हणून त्याच्यामागे ‘धीर’ शब्द लागला. ध म्हणजे ९, र म्हणजे २. उलट वाचता २९. कल्याणीला ‘मेच’ लागून ६५ झाले. दुसऱ्या एका नामावलीत तीच ‘शांतकल्याणी’ आहे. श पाच, त सहा, पुन्हा ६५! ‘हनुमतोडी’ आणि ‘जनतोडी’ यांतूनही ८ हाच अंक निघतो. या उपपदांनी नावांचे सौंदर्य थोडे उणावले असे माझे मत आहे. पण उपयोग पाहिला की तक्रार विरते.

तो उपयोग असा. २९ हा ३६ च्या आतला, म्हणून मध्यम शुद्ध. सहा-सहांचे गट केले तर हा पाचव्या गटात येतो. त्या गटाचे नाव ‘बाण’, कारण मदनाचे बाण पाच. गटावरून ऋषभ-गांधार ठरतात, गटातील स्थानावरून धैवत-निषाद. हिशेब पुरा केला की सर्व स्वर शुद्ध निघतात, म्हणजे आपला बिलावल. त्यात ३६ मिळवा, ६५ येतात. केवळ मध्यम तीव्र होतो आणि आपला कल्याण थाट समोर उभा राहतो.

नियमाला अडखळवणारी नावेही आहेत. जोडाक्षरात सामान्यतः शेवटचे व्यंजन मोजावयाचे. ‘दिव्यमणी’त मात्र ‘व्य’मधला व धरला तरच ४८ येतात. जाणकारांत यावर चर्चा रंगतात, त्या अंतराळयानांच्या चर्चांहून कमी चुरशीच्या नसतात.

आपल्यासारख्या दोन संगीतांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या घरांना या अंकांचे मोल अधिक. घरी आजोबा तोडी ऐकतात आणि नात गुरूंकडे तोडी शिकते. दोघांचे जमत नाही. कारण दक्षिणेतील हनुमतोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत, आणि आपली तोडी येथे ‘शुभपंतुवराळी’ या नावाने ४५ व्या घरात बसली आहे. नाव फसवते, क्रमांक फसवीत नाही. पंडित भातखंड्यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास करून ही मेळव्यवस्था अभ्यासिली, आणि पुढे दहा थाटांची मांडणी केली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला ती सांगतो. तंजावरच्या अखेरच्या मराठा राजांचे जामात सखारामसाहेब यांच्या स्तुतीपर लावणी वेंकटराव या कवीने ‘बहात्तर मेळकर्ता’ ही रचना केली, ती मराठीत! तिला चाल लावली महावैद्यनाथ अय्यर (१८४४ ते १८९३) यांनी. मनुष्यस्तुतीसाठी हे संगीत खर्ची पडावे हे त्यांच्या मनाला रुचले नाही, म्हणून त्यांनी तिरुवैयारूच्या शिवावर संस्कृत रागमालिका रचली. ती आज सर्वत्र ऐकू येते, एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांनीही ती गायिली. अय्यरांचा निर्णय मला समजतो. पण बहात्तर मेळांचा हा प्रपंच प्रथम मराठी शब्दांवर चढला होता, हे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? ज्यांच्याकडे वडिलार्जित बाडे, मोडीतील वह्या असतील, त्यांनी त्या एकदा उघडून पाहाव्यात. त्या लावणीतील चार ओळी जरी कोठे आढळल्या, तरी सरस्वती महाल ग्रंथालयात नेऊन दाखवाव्यात, ही विनंती.