गुलाब, रानजाई आणि मातीचे पोषण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बागप्रेमी सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चाललेल्या या मालेत साहित्य, संगीत आणि नाट्य या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत शेणखत आणि पेंड हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आम्ही कृषिशास्त्राचे पदवीधर नव्हे. पदवी कलाशाखेची, चाकरी केंद्र सरकारची, आणि बागेचा नाद मात्र पुष्कळ वर्षांचा, एवढेच आमचे भांडवल आहे. परंतु संत सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, अशी ज्यांची परंपरा, त्या मराठी माणसांपुढे खतामातीची गोष्ट काढण्यास हरकत नसावी.

शहाजीराजांच्या जहागिरीचे हे बंगळूर बागांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि ते उगाच नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंची, सौम्य हवा आणि दोन्ही मोसमांचा पाऊस, असे दान फार थोड्या शहरांच्या पदरात पडले आहे. हैदरअलीने १७६० साली लालबागेचा आरंभ केला. १८८९ साली तेथे काचघराची पायाभरणी झाली. १९०८ साली गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याहून म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले आणि या शहराच्या रस्त्यारस्त्यांवर त्यांनी आळीपाळीने फुलणारी झाडे लावली. प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास लालबागेत भरणारी पुष्पप्रदर्शने आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली असतील. तेथील गुलाब पाहून घरी परतल्यावर आपल्या कुंडीतील रोपाकडे पाहावे, आणि 'याला काय बरे घालावे?' असा प्रश्न मनात यावा, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. आजचे भाषण त्या प्रश्नासाठी आहे.

प्रथम मातीचा विचार करू. देशावरची काळी माती पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना येथील तांबडी माती परकी वाटते. ही माती पाण्याचा निचरा उत्तम करते, हा तिचा मोठा गुण. कारण गुलाबाला पाय भिजत ठेवणे मुळीच मानवत नाही. परंतु तिच्यात सेंद्रिय अंश कमी, नत्र कमी, आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम हे स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे घातलेला स्फुरद झाडाच्या हाती पुरता लागत नाही. शिवाय पाऊस जोराचा झाला की वरचे अन्न खाली वाहून जाते. कुंडीत तर हे अधिकच घडते. अशा मातीला सेंद्रिय खत हाच खरा आधार होय.

सेंद्रिय खतात काही जादू असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुळे नत्र शोषतात ते मुख्यतः नायट्रेट व अमोनियाच्या रूपात. ते गोठ्यातून आले की कारखान्यातून, याची चौकशी झाड करीत नाही. आकड्यांनी पाहिले तर शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास, तर युरियात शेकडा ४६. मग शेणखत कशासाठी? तर युरिया फक्त झाडाला वाढतो. शेणखत मातीला जेवू घालते. त्याने माती भुसभुशीत होते, पाणी धरते, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तिच्यात नांदू लागतात, आणि हेच जीव पुढे झाडाचे ताट वाढतात. हे काम संथ असते. परंतु बंगळूरला कडाक्याची थंडी नसल्यामुळे, ओल राखली तर ते बाराही महिने चालू राहते.

आता प्रत्यक्ष खतांकडे वळू. येथील दुकानदारापुढे 'पेंड' म्हटले तर तो गोंधळतो. त्याच्याकडे 'हिंडी' मागावी. 'बेविन हिंडी' म्हणजे निंबोळी पेंड आणि 'होंगे हिंडी' म्हणजे करंजाची पेंड. दोन्हींत नत्र शेकडा चार ते पाच असते. निंबोळी पेंडीने वाळवी, हुमणी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांनाही आळा बसतो. भुईमुगाच्या पेंडीत नत्र सातच्या घरात. ती लवकर लागू पडते, म्हणून भिजवून पातळ करून द्यावी. स्फुरदासाठी हाडांचा चुरा उत्तम. त्यात स्फुरद शेकडा वीस ते तीस असतो, मात्र तो महिनोन् महिने हळूहळू सुटतो. ज्या घरांत तो चालत नाही, त्यांनी रॉक फॉस्फेट कंपोस्टात मुरवून घालावे. पालाशासाठी लाकडाची राख आहे. परंतु राख आणि ओले शेण एकत्र कालवू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. राखेने मातीची आम्लताही घटते, म्हणून ती चिमटीने द्यावी, मुठीने नव्हे.

गुलाबाच्या बाबतीत आमचा क्रम असा आहे. पावसाळा सरल्यावर हलकी छाटणी करावी. वाफ्यातील प्रत्येक झाडाभोवती, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून, वरवरची माती सैल करावी. मुळे तोडू नयेत. त्यात एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा मिसळून भरपूर पाणी द्यावे. बारा इंची कुंडीस याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक देऊ नये. कच्चे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे करपतात आणि वाळवीला आमंत्रण जाते. छाटणीनंतर सुमारे ४५ ते ६० दिवसांनी फूल येते. म्हणून प्रजासत्ताकदिनाला फुले हवी असतील त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत कात्री हाती घ्यावी. नवे कोंब बोटभर झाले की पंधरा दिवसांनी एकदा पातळ खत द्यावे. अर्धा किलो भुईमुगाची पेंड पाच लिटर पाण्यात आठवडाभर भिजवावी आणि तो अर्क दहापट पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचा करून, ओल्या मातीत घालावा. कोरड्या मातीत कोणतेच खत देऊ नये. कळ्यांना रंग दिसू लागला की हात आवरावा. या अर्काचा वास शेजाऱ्यांच्या प्रेमाची परीक्षा पाहतो, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. भांडे झाकून ठेवावे आणि खत सायंकाळी द्यावे.

सडवून केलेले पातळ खत हे नवे शास्त्र नव्हे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात 'कुणपजल' नावाच्या सडवलेल्या द्रवखताची कृती दिली आहे. हा ग्रंथ हस्तलिखितरूपाने ऑक्सफर्डला होता, डॉ. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला.

गुलाबाच्या जोडीला एखादा वेल हवा असे पुष्कळांना वाटते, आणि परदेशी मासिकांतील चित्रे पाहून मुलेबाळे 'क्लेमाटिस'ची मागणी करतात. त्याचे मोठ्या फुलांचे विलायती संकर थंड मुलखातले. त्यांना हिवाळ्याची विश्रांती लागते आणि ती बंगळूरला मिळत नाही. पण त्याच कुळातला वेल आपल्या सह्याद्रीत पिढ्यान् पिढ्या फुलतो आहे. तो म्हणजे आपली रानजाई, जिला मोरवेलही म्हणतात. पांढरी नाजूक फुले आणि त्यानंतर बियांना फुटणाऱ्या रेशमी पिसांसारख्या शेपट्या ज्याने घाटात पाहिल्या, त्याला विलायती वेलाचे अप्रूप वाटणार नाही. हा वेल पानांच्या देठांनी आधाराला विळखा घालून चढतो. त्याचा रस मात्र दाहक असतो, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत. रानातून मुळासकट उपटून आणू नये. बियांवरून रोप करावे.

याचा आहार गुलाबाहून वेगळा. रानात त्याला पालापाचोळ्याचे खत मिळते, तेच येथेही द्यावे. त्याची मुळे गारव्यात आणि शेंडा उन्हात हवा. म्हणून बुंध्याशी दोन-तीन इंच जाडीचे पानखताचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. वर्षातून दोनदा ओंजळभर कंपोस्ट व मूठभर हाडांचा चुरा पुरे. नत्र अधिक झाले की नुसती पाने माजतात आणि फुलांची वाट पाहावी लागते.

बंधुभगिनींनो, आता या विषयाच्या मर्माकडे येतो. हे खत यावे कोठून? १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत सिद्ध केली. १९३१ साली त्यावरचा ग्रंथ निघाला, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. पुढे इंग्लंडात सेंद्रिय शेतीची जी चळवळ उभी राहिली, तिने इंदूरची ही रीत डोक्यावर घेतली. आणि १९३९ साली आपल्या याच गावी, लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेत, डॉ. सी. एन. आचार्य यांनी शहराच्या कचऱ्यासाठी रीत बसविली. खड्ड्यात कचरा आणि मैला यांचे थर आलटून पालटून द्यायचे, वरून झाकायचे आणि न उलथता सहा-आठ महिने मुरू द्यायचे. ही रीत आजही 'बंगळूर पद्धत' या नावाने देशोदेशीच्या पुस्तकांत शिकविली जाते. विदर्भातील नारायण देवराव पांढरीपांडे यांची दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून गावोगावी पोचली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'ने सामान्य माणसाला स्वतःच्या अंगणात प्रयोग करावयास शिकविले.

आणि ज्या शहराने जगाला खताची पद्धत दिली, त्याच शहराने पुढे काय केले? आपल्या स्वयंपाकघरांतील भाजीची देठे, प्लॅस्टिक आणि काच एकाच पिशवीत बांधून मावळ्ळीपुर आणि मंडूर या खेड्यांच्या उशाला नेऊन टाकली. विहिरी बिघडल्या, दुर्गंधी सुटली. २०१२ साली मावळ्ळीपुराची भूमी बंद झाली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. २०१४ साली मंडूरच्या ग्रामस्थांनीही नकार दिला. त्यांच्या जागी आपण असतो, तर याहून निराळे वागलो नसतो. आपल्या गॅलरीत गुलाब फुलावा आणि त्याच घरातील कुजकट दुसऱ्याच्या दारी जावे, यात बागेची शोभा कसली?

उपाय फार अवघड नाही. भोके पाडलेल्या मातीच्या मोठ्या कुंडीत तळाशी वाळका पाला घालावा. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि त्यावर त्याच्या दुप्पट पाला पसरावा. कॉफीचा चोथा या गावी घरोघर निघतो, तोही त्यातच जावा. साखर-दूध धुतलेली चहापूड आणि अंड्यांची टरफलेही चालतात. शिजलेले तेलकट अन्न वगळावे. वास आला तर पाला वाढवावा, कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळे खत हाती येते. जानेवारी ते मार्च आपल्या रस्त्यांवर पानगळ होते आणि तो पाला जाळला जातो. त्याची चार पोती भरून ठेवली तर वर्षाची बेगमी झाली.

शेवटी एक विचार मांडतो. आमच्यासारख्या सरकारी नोकरांची बाग ही नेहमी दुसऱ्याच्या मालकीची. तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, कुंड्या फार तर ट्रकवर चढतात, पण वाफ्यातील माती कोणालाच बरोबर नेता येत नाही. बदली ठरल्यावर वाफ्यात खत कशाला घालावे, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले आहे. आमचे उत्तर असे की, आपण एखाद्या वसाहतीत राहावयास जातो तेव्हा तेथील जांभूळ, कढीलिंब, प्राजक्त कोणी लावलेले असतात? ज्यांचे नावही आपणांस ठाऊक नाही अशा माणसांनी. त्यांची भाषा कानडी असेल, तमीळ असेल, मराठीही असेल; मातीला ती विचारावी लागली नाही. हाडांचा चुरा आज घातला तर त्याचा गुण पुढच्या बिऱ्हाडाला दिसेल. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले त्यांनीही असेच खत घातले, त्यांतील अनेकांनी आजचा बहर पाहिला नाही. ज्या भूमीने आपल्याला अन्न दिले, तिला काही परत करणे ही परक्या मुलखात आलेल्या माणसाची पहिली ओळख असावी.

येत्या रविवारी घरी जाल तेव्हा एक जुनी कुंडी आणि पिशवीभर पाला एवढी तयारी करा, इतकीच विनंती. 

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक!